आहारदानाहूनही आधी बाळाचे दूध

दशवैकालिक सूत्राच्या ‘पिंडैषणा’ या पाचव्या अध्ययनात साधूंच्या गोचरीचे नियम आहेत. त्यांतील एक गृहस्थांनीही मनात जपावा असा आहे. मुलाला अथवा मुलीला स्तनपान करविणारी माता रडत्या बाळाला खाली ठेवून आहार देण्यास उठली, तर साधूने तो स्वीकारू नये. सुपात्रदानही जिथे बाळाच्या दुधासाठी थांबते, तिथे पाहुण्यांचा चहा आणि दुकानाचा डबा यांनी का थांबू नये?

जन्मानंतर तासाभरातच बाळाला अंगावर घ्यावे. पहिले पिवळसर, घट्ट चीक-दूध पिळून टाकू नये. रोगप्रतिकारक द्रव्ये त्यात विपुल असतात. पहिले ६ महिने केवळ आईचेच दूध द्यावे. बाळगुटी, मध, वरचे पाणीही नको. त्यानंतर पूरक आहारासह २ वर्षे वा अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे. बाळ जितके ओढते, तितके दूध तयार होते. घाईने आणलेली बाटली ते ओढणेच कमी करते.

चातुर्मासात प्रश्न येतो तपाचा. पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेला रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, पाणीही अधिक लागते. तप यथाशक्ती करावे, हीच शास्त्राची शिकवण आहे. म्हणून अठ्ठाई न करणाऱ्या सुनेला उणे लेखू नये. तिला वेळेवर गरम जेवण, निवांत खोली आणि रात्रीच्या जागरणानंतर दिवसा झोप मिळावी, हे घराने पाहावे. सेवा, अर्थात वैयावृत्त्य, हेही आभ्यंतर तपच आहे.