आभाळ आलं म्हणून पंप काढू नका

तीन दिवस झड लागली आणि चौथ्या दिवशी जरा उघाड पडली, की वसमत, कळमनुरी, सेनगाव, कुठल्याही बाजारपेठेत जाऊन बघा. कृषी सेवा केंद्रासमोर मोटारसायकलींची दाटी झालेली असते. ‘सोयाबीनवर मारायला कायतरी चांगलं द्या,’ एवढीच मागणी. अळी कोणती, किती, पानावर आहे की खोडात, हे घेणारा सांगत नाही आणि देणारा विचारत नाही. शेजाऱ्यानं काल मारलं, एवढं कारण पुरतं. मग कीटकनाशक, त्यासोबत बुरशीनाशक आणि वर टॉनिकची बाटली. तिन्ही एकाच पंपात.

हिंगोली जिल्ह्यातल्या भावांनो, मायबहिणींनो, येत्या हंगामात हा क्रम तेवढा बदला. आधी मोबाईलवर हवामान आणि सल्ला बघा, मग शेतात उतरून किडी मोजा, आणि पंपाचा विचार त्यानंतर करा. शेताकडं कधी जायचं आणि काय शोधायचं, हे मोबाईल सांगेल. मारायचं की नाही, ते पीकच सांगेल.

हवामानावरून कीड कशी कळते, असं विचाराल. किडीचं रक्त थंड असतं, तिची वाढ बाहेरच्या उष्णतेवर चालते. समजा एखादी कीड १० अंशांखाली वाढतच नाही. दिवसाचं सरासरी तापमान २८ असेल, तर त्या दिवशी तिच्या खात्यात १८ जमा झाले. असे रोजचे आकडे साठत ठराविक बेरीज झाली, की अंड्यातून अळी किंवा कोषातून पतंग बाहेर पडतो. बुरशीचा हिशेब वेगळा. पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा गारवा किती होता, यावर बीजाणू रुजणार की वाळून जाणार हे ठरतं. संगणकावरचा अंदाज म्हणजे हेच खातं, फक्त न कंटाळता ठेवलेलं.

ही विद्या नवी नाही. इंग्लंडात १९४७ साली बोमाँट यांनी बटाट्याच्या करप्यासाठी नियम मांडला होता: सलग ४८ तास तापमान १० अंशांखाली उतरलं नाही आणि आर्द्रता ७५ टक्क्यांखाली गेली नाही, तर करपा येणार असं धरून चाला. आता हाच नियम उचलून आपल्या श्रावणात लावला, तर रोजच धोक्याची घंटा वाजेल! म्हणून कुठलंही ॲप हाती आलं की पहिला प्रश्न हा विचारा, की हे आपल्या भागात, आपल्या पिकावर तपासलं आहे का? आणि इशाऱ्याच्या खालीच औषध विकत घ्यायचं बटण असेल, तर तो इशारा थोडा हात राखून वाचा.

आपल्याकडचा अनुभव २००८ चा आहे. त्या खरिपात पानं खाणाऱ्या अळ्यांनी मराठवाडा-विदर्भातलं सोयाबीन अक्षरशः चाळणी करून टाकलं. ते पाहून राज्याच्या कृषी विभागानं २००९-१० पासून कृषी विद्यापीठं आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना सोबत घेऊन क्रॉपसॅप सुरू केलं. गावोगावच्या ठरवलेल्या शेतांत जाऊन कीड मोजायची, आकडे संगणकावर भरायचे, विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी ते बघायचे आणि सल्ला परत गावात पाठवायचा, अशी ती साखळी. तुमच्या गावात कृषी सहायक वहीत अळ्यांचे आकडे टिपताना दिसले असतील, ते यासाठीच. या आठवड्यात आपल्या भागात काय आढळलं, असं त्यांना थेट विचारा.

हवामानाच्या बाजूनं मेघदूत हे सरकारी ॲप २०१९ पासून आहे. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि दर मंगळवारी-शुक्रवारी पीकनिहाय सल्ला, तोही मराठीत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्लाही याच दोन दिवशी निघतो. कीड ओळखता येत नसेल, तर १५ ऑगस्ट २०२४ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीच्या ॲपवर फोटो टाकता येतो. साधाच फोन असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलतो. यातलं एक धरलं आणि नेमानं बघितलं तरी पुष्कळ झालं. पाच ॲपं उतरवून एकही न उघडणारे खूप पाहिलेत.

मंडळातलं महावेधचं स्वयंचलित हवामान केंद्र बहुतेकांना माहीत आहे, पण ते वेगळ्याच कारणानं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर भरले की नाही, अतिवृष्टी धरली की नाही, यावरून पारावर वाद होतात. तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा हे सगळं तिथं नोंदलं जातं आणि कीड-रोगाच्या अंदाजाचं हेच खरं भांडवल आहे. पण त्याची मर्यादाही ओळखून असा. एका मंडळात कितीतरी गावं येतात. बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं, असा आपला पाऊस. केंद्रावर ४० मिलिमीटर पडले म्हणून तुमच्या वावरात पडलेच असं नाही.

हळदीत तर हा फरक आणखी वाढतो. केंद्र उभं असतं उघड्यावर. भाद्रपदात हळद कमरेएवढी होऊन पानाला पान भिडलेलं असतं, खाली ठिबकचा ओलावा. केंद्रावर उन्हं आली, हवा सुकली, तरी त्या दाटीत सकाळी उशिरापर्यंत पानावरचं पाणी हटत नाही. करप्याला तेच हवं असतं. तेव्हा इशारा ‘मध्यम’ आला तरी हळदवाल्यांनी सकाळी आत शिरून खालची पानं उलटीपालटी करून बघावीत.

आणि हळदीत पावसाच्या अंदाजाचा सगळ्यात मोठा उपयोग फवारणीसाठी नाहीच मुळी. चार दिवस जोराचा पाऊस दिसतोय? तर आजच चर मोकळे करा. पाणी साचलं की कंदकूज आलीच, आणि एकदा कंद सडायला लागला की कुठल्याही बाटलीनं तो परत घट्ट होत नाही. पावसानं माती वाहून कंद उघडे पडले असतील, तर वाफसा येताच भरणी करून ते झाका. कंदमाशीला उघडा कंद म्हणजे आयती जागा. या दोन्ही कामांना मजुरी लागते, हे कबूल. पण ती मजुरी आणि तीन फवारण्यांचं बिल शेजारी शेजारी मांडून बघा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हा माल घराघरांत आमटीत पडतो, त्यात औषधाचा अंश राहून चालायचं नाही.

आता मोजणीचं. सोयाबीनच्या दोन ओळींमध्ये पोतं किंवा जुनी साडी अंथरा, मीटरभर ओळीतली झाडं हलवा आणि पडलेल्या अळ्या मोजा. वावरात पाच-सहा ठिकाणी हेच करा. फुलोऱ्याआधी मीटरमागे सरासरी ४ लहान उंटअळ्या भरत नसतील, तर पंप घरीच राहू द्या. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात रोज ८ पतंग, असे सलग तीन रात्री सापडले तर पातळी ओलांडली असं समजा. मधल्या काळात डोमकळ्या दिसतील त्या तोडून नष्ट करा, बांधावर टाकू नका.

इथं एक गोष्ट मला खटकते. शेतात सगळ्यात जास्त वेळ वाकून असतात त्या खुरपणाऱ्या बाया. चक्रीभुंग्यानं खोडाला केलेल्या खापा आणि वरचा वाळलेला शेंडा आधी त्यांनाच दिसतो. मोबाईल मात्र मालकाच्या खिशात, आणि मालक बहुधा गावात. संध्याकाळी मजुरी देताना ‘आज काय दिसलं?’ एवढं विचारा. आणि शुक्रवारचा सल्ला शाळेतल्या पोरीकडून घरात मोठ्यानं वाचून घ्या, म्हणजे उद्या काय शोधायचं ते सगळ्यांनाच कळेल.

मोजणी भरली आणि मारायचंच ठरलं, तर पुन्हा मोबाईल उघडा. या वेळी वारा आणि पाऊस बघायला. पुढचे काही तास पाऊस दिसत असेल तर औषध जमिनीत गेलं म्हणून समजा. वारा जोरात असेल तर ते शेजाऱ्याच्या रानात आणि तुमच्या नाकातोंडात जाईल. भर दुपारी बारीक थेंब पानावर पोचायच्या आत सुकतात. आपल्या शिवेला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. उंच वाढलेली कपाशी, औषधांची मिसळ, अंगावर साधा सदरा. हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून फवारणाऱ्याला हसणारे आपल्याकडं आहेत. त्यांना हसू द्या. आभाळात गडगडत असेल तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप बघा. वीज जवळ दिसली तर पंप खाली ठेवून रान सोडा, झाडाखाली मात्र उभं राहू नका.

राहिला तुमच्या स्वतःच्या वावरातला पाऊस. त्याला ॲप लागत नाही. सरळ भिंतीचा एक डबा घ्या, तोंड आणि बूड सारखंच रुंद असलेला. झाडापासून लांब, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी एकाच वेळेला पट्टी बुडवा. जितके मिलिमीटर पाणी, तितका तुमचा पाऊस. आकडा दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर त्याच चौकटीत लिहा आणि डबा रिकामा करा. खाली अळी दिसली तर ‘अ’ आणि करपा दिसला तर ‘क’. दसऱ्याला ती पानं काढून मंडळाच्या आकड्यांशेजारी ठेवा, आणि तुमच्या रानासाठी ॲपवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.