एका गुरुजींची गोष्ट पुरे झाली

माझं आयुष्य बदलणाऱ्या गुरुजींनी नेमकं काय केलं, ते एका वाक्यात सांगता येतं. १९९६च्या दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या ट्रकसमोर ते उभे राहिले, माझ्या वडिलांशी तासभर भांडले आणि मला खाली उतरवून घेतलं. त्यांनी ते केलं नसतं, तर आज मी कोल्हापूर नाहीतर बेळगावकडच्या एखाद्या फडात डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरत असतो.

ही गोष्ट मी शिक्षकदिनाच्या कार्यक्रमांतून पुष्कळदा सांगितली आहे. सांगितली की सभागृह हळवं होतं, पुढच्या रांगेतले निवृत्त शिक्षक डोळे पुसतात, आयोजक खूश होतात. पण सांगताना एक भाग मी नेहमी गाळत आलो. गुरुजींनी त्या दिवशी दोन नावं घेतली होती. एक माझं, तिसरीतल्या मुलाचं. दुसरं माझ्या बहिणीचं. आक्का चौथीत होती आणि गणितात माझ्या कितीतरी पुढे होती; मला पाढे तिनेच शिकवले. वडील शेवटी म्हणाले, "ल्योक ठिवतो गुर्जी, तुमचा सबूद मोडत न्हाई. पर पोरगी न्यावीच लागंल. बारक्याला कोन बघंल?" धाकटा भाऊ तेव्हा आठ महिन्यांचा होता. आई-वडील फडात गेल्यावर कोपीत त्याच्याजवळ कोणीतरी हवं होतं. आक्का गाडीत राहिली, मी आजीजवळ राहिलो.

तिची शाळा त्या हंगामात सुटली ती सुटलीच. सोळाव्या वर्षी लग्न झालं. आमच्या भागाचा हिशेब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीकडे बघून. एकट्या पोराचा अर्धाच कोयता धरतात. त्यामुळे पोरगा कामाला आला की घराला सून हवी असते आणि पोरगी मोठी झाली की तिला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचं हा प्रश्न असतो. दोन्हींचं उत्तर एकच, लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याची नोंद आहे. आक्काच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती.

म्हणून 'आयुष्य बदलणारा शिक्षक' ही गोष्ट आपण ज्या रीतीने सांगतो, त्या रीतीने सांगणं आता थांबवलं पाहिजे, असं माझं मत झालं आहे. कृतज्ञतेला माझा विरोध नाही. गुरुजींचं ऋण मी मरेपर्यंत मानेन. विरोध आहे तो कर्तव्याला थोरवी म्हणण्याला. मूल शाळेत राहावं ही सगळ्या व्यवस्थेची जबाबदारी. ती एका माणसाने स्वतःच्या जिवावर पार पाडली की आपण त्याला देवमाणूस म्हणतो आणि त्याच क्षणी बाकीचे सगळे सुटतात. ज्याच्या उसासाठी लेकरं कोपीत राहतात तो कारखाना सुटतो, जिल्हा परिषद सुटते, मंत्रालय सुटतं, शेजारच्या गावचा कधीतरीच उगवणारा मास्तर सुटतो आणि टाळ्या वाजवणारे आपणही सुटतो.

गुरुजींच्या कामात चमत्कार काही नव्हता. खरं सांगायचं तर ते शिकवायचेही बेताचंच. पण ते गावात राहायचे. मारुतीच्या देवळामागे एक खोली भाड्याने घेतली होती. त्यामुळे कोणी कुठल्या मुकादमाकडून किती उचल घेतली, कोणाची गाडी कधी यायची, कोणाच्या घरी मागे राहणारी म्हातारी अजून भाकरी थापू शकते, हे त्यांना पाठ असायचं. दसऱ्याच्या आधीच त्यांची यादी तयार असे. त्या वर्षी त्यांनी सात मुलं ठेवून घेतली. संध्याकाळी आम्ही शाळेत जमायचो, अभ्यास व्हायचा आणि कोण जेवलं, कोण नाही, याची चौकशी व्हायची. यादी करणं, दारोदार जाणं आणि तिथेच राहणं, इतकंच ते काम होतं. कोणालाही शिकवता येईल आणि कोणाकडूनही करून घेता येईल, असं.

पुढे त्यांची बदली झाली. यादी त्यांच्याबरोबर गेली. नंतरच्या दिवाळीला त्या सातांपैकी चौघं गाडीत बसली. मी पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत आणि नात्यातल्या एका घरी गेलो होतो म्हणून वाचलो. एका माणसाच्या भरवशावरची व्यवस्था त्या माणसाच्या बदलीबरोबर संपते, हे माझ्या बरोबरीच्या चौघांनी भोगलं आहे.

आता कोणी म्हणेल, थोर शिक्षकांची परंपरा बीडला आहे, ती का नाकारता? नाकारत नाही, नीट वाचा म्हणतो. अंबाजोगाईचंच घ्या. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ साली हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून तिथे आले. तेव्हा गावाचं सरकारी नाव मोमिनाबाद होतं आणि राज्य निजामाचं. त्याआधी त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलं होतं. सरकारी शाळांतून उर्दूचा अंमल असलेल्या त्या काळात योगेश्वरीची मराठी शाळा या लोकांनी नावारूपाला आणली. आज तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला स्वामीजींचं नाव आहे, नांदेडच्या विद्यापीठालाही आहे. पण भाषणांमधून एक गोष्ट निसटते. १९३८ साली स्वामीजी स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. म्हणजे ते अंबाजोगाईच्या शाळेत सलग होते ते जेमतेम तीन वर्षं. तरी शाळा चालली, कारण ते एकटे आले नव्हते. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी होते आणि पाठीशी संस्था होती. थोर माणूस निघून गेल्यावर उरलेल्यांनी रोज वर्ग भरवला. आपण पुतळा पहिल्याचा उभारतो आणि शिकतो काहीच नाही. शिकायचं असेल तर ते त्या उरलेल्यांकडून.

आज त्या उरलेल्यांची अवस्था काय आहे? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम २७ सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही. आता कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत जाऊन गुरुजींचा दिवस बघा. पोषण आहाराची रोजची नोंद, 'सरल'ची माहिती, यू-डायस, मतदार याद्यांचं काम, कुठल्या तरी अभियानाचे फोटो. दोन शिक्षकांची शाळा असेल तर त्यातला एक कायम मोबाइलला रेंज शोधत असतो. त्याने दसऱ्याआधी दारोदार कधी जायचं?

पदांचंही तेच. १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली असलेल्या शाळांमधली शिक्षकांची पदंच धोक्यात आली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे ऐन शिक्षकदिनी, कमी पटाच्या शाळांवर महिना १५,००० रुपयांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला. ओरड झाली, निकष बदलले, अखेर तो मागे घ्यावा लागला. पण ज्या दिवशी भाषणांत गुरूला ब्रह्मा-विष्णू म्हणायचं, त्याच दिवशी फायलीत त्याची ही किंमत ठरली होती, हे विसरू नये. आणि आमच्या बालाघाटाच्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर पट कमी का असतो? मुलं गाडीत जातात, हे त्याचं एक मोठं कारण. पट कमी म्हणून शिक्षक कमी, आणि शिक्षक कमी म्हणून पुढच्या वर्षी गाडीसमोर उभं राहायला कोणी नाही.

उपाय माहीत नाही असं तर अजिबात नाही. हंगामी वसतिगृह ही कल्पना साधी आणि चांगली आहे: आई-बाप ऊसतोडीला गेलेले असताना मुलांनी गावातच राहायचं आणि त्यांचं जेवणखाण शाळेने बघायचं. माझ्या वेळी ते असतं, तर आक्काही राहिली असती. निदान वडिलांकडे नाही म्हणायला एक कारण कमी असतं. पण गाड्या निघतात दिवाळीच्या आसपास. आमच्या जवळच्या एका गावात एका वर्षी वसतिगृहाची मंजुरी आली ती संक्रांतीच्या तोंडावर. तोवर मुलं फडात पोचून दोन महिने झाले होते. रिकाम्या गावात मंजूर झालेलं वसतिगृह कोणासाठी? २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, प्रत्येकी १०० मुलांची. सगळी भरली तरी ८,२०० जागा होतात. एकट्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा आकडा लाखांत आहे. हा हिशेब आक्का चौथीत असतानाही तोंडी करू शकली असती.

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही मला ठाऊक आहे. लोक म्हणतात, शिक्षकच गावात राहत नाहीत, तालुक्याच्या गावाहून अप-डाऊन करतात, मुख्यालयी राहण्याचा दाखला तेवढा खिशात असतो. त्यांच्यासाठी तुम्ही काय रडता? खरं आहे. असे शिक्षक मी पाहिले आहेत आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. पण त्यांना सगळ्यात मोठं कवच कोण देतं? आपली ही देवमाणसाची गोष्टच. गावात राहणं, मुलाच्या घरी जाणं, ही असामान्य माणसाची लक्षणं ठरवली की सामान्य माणसाला ती न करण्याची सूट मिळते. "ते काय, त्यांच्यासारखं आपल्याला जमणार आहे का?" असं हात जोडून म्हटलं की विषय संपला. पूजा ही जबाबदारी टाळायची आपल्याकडची सगळ्यात स्वस्त पद्धत आहे.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२०चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला तेव्हा मलाही आनंद झाला. त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली, तेव्हा तर जास्तच झाला. बक्षीस एकाचं असलं तरी काम अनेकांचं असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. आपण मात्र त्यातून उचललं ते एका माणसाचं छायाचित्र.

तेव्हा यापुढे शिक्षकदिनाला मला बोलावलंत, तर मी गुरुजींची गोष्ट सांगणार नाही. तीन प्रश्न विचारीन. तुमच्या गावातून यंदा किती मुलं गाडीत जाणार आहेत, याची यादी सप्टेंबरअखेर कोणाच्या हातात आहे? वसतिगृहात पहिलं ताट पहिली गाडी सुटण्याआधी वाढलं जाणार की नंतर? आणि जी लेकरं गेलीच, त्यांच्या जेवणाचा, शाळेचा आणि तान्ह्या भावंडांच्या पाळणाघराचा खर्च तो ऊस गाळणारा कारखाना का उचलत नाही? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण माझी बहीण शाळेतून गेली ती शिक्षक कमी पडला म्हणून नाही, पाळणाघर नव्हतं म्हणून.

काही वर्षांपूर्वी गुरुजींना भेटायला गेलो होतो. शाल-श्रीफळ नेलं होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुझी बहीण कशी आहे?" मी म्हणालो, बरी आहे, दोघं नवरा-बायको अजून कारखान्याला जातात. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिवशी आणखी थोडं भांडायला पाहिजे होतं रे."

गेली पंचवीस वर्षं ते स्वतःला दोष देत होते. ज्यांनी द्यायला हवा, ते मात्र दर ५ सप्टेंबरला हार घालताना दिसतात.