दंड करणार कोण?

चौकातील खांबावर बसविलेला कॅमेरा लाच मागत नाही, ओळखपाळख पाहत नाही आणि मंत्र्याच्या मोटारीला सलामही ठोकीत नाही. एवढ्या गुणांसाठी त्याचे स्वागत करण्यास आमची हरकत नाही. परंतु छायाचित्र घेणे निराळे आणि नागरिकास दोषी धरून त्याच्या घरी दंडाची नोटीस धाडणे निराळे. पहिले काम यंत्राचे. दुसरे राजसत्तेचे होय. ते दुसरे काम नेमके कोणी करावयाचे?

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात न्यायालयांनी या प्रश्नाचा चांगलाच कीस काढला आहे. तेथील हॉलिवुड शहराने (चित्रपटांचे हॉलिवुड ते हे नव्हे) तांबड्या दिव्यावरील कॅमेऱ्यांचे काम एका खाजगी कंपनीकडे सोपविले होते. चित्रे प्रथम कंपनीचे नोकर चाळीत. त्यांनी निवडलेली तेवढी पोलीस अधिकाऱ्यापुढे येत. त्याने संगणकावर ‘मान्य’ ही कळ दाबली, की त्याच्या सहीनिशी दंडाचा कागद छापून धाडी तीही कंपनीच. २०१४ साली अपील न्यायालयाने ही व्यवस्था बेकायदा ठरविली. कायद्याने अधिकाऱ्यास दिलेला अधिकार शहराला कंत्राटदाराच्या पदरात टाकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. २०१८ साली मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अव्हेंचुरा शहराच्या खटल्यात असा निर्वाळा दिला की, लेखी नियमांनुसार चित्रांची चाळणी कंपनीने करण्यास प्रत्यवाय नाही. गुन्हा घडला की नाही याचा निर्णय तेवढा अधिकाऱ्याने स्वतः केला पाहिजे.

हा दुसरा निकाल व्यवहार्य आहे खरा. पण त्याची सारी भिस्त ‘स्वतः’ या एका शब्दावर आहे. डोळ्यांपुढून शेकडो चित्रे सरकत असतील, तर तो अधिकारी निर्णय करतो की नुसता शिक्का मारतो?

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३६-अ हे कलम आले. २०२१ च्या नियमांनी यंत्राचे प्रमाणपत्र दरवर्षी नवे करावे, कॅमेरा असल्याची पाटी रस्त्यावर लावावी, नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी, असे पुष्कळ सांगितले. या तरतुदी चांगल्याच आहेत. पण त्यांचा मुख्य कटाक्ष यंत्रावर आहे. बनावट क्रमांकाच्या मोटारीचा दंड खऱ्या धन्याच्या दारी येतो, तेव्हा यंत्र चुकलेले नसते. पाटीवरील आकडे त्याने बरोबरच वाचलेले असतात. मोटारीचा रंग जुळत नाही, बनावट निराळी आहे, रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी चाक रेषेपुढे गेले होते, हे ताडावयास जबाबदार माणूसच लागतो.

म्हणून चित्र पाहून नोटीस मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा प्रत्येक नोटिशीवर छापलेला असावा, आणि नागरिकाची तक्रार ऐकणारा अधिकारी त्याच्याहून निराळा असावा. कंत्राटदारास दर दंडामागे मोबदला तर मुळीच देता कामा नये. महाराष्ट्रात कोठे असा करार झालेला असल्यास सरकारने तो जनतेपुढे ठेवावा.