गिटार शिकताना बोट दुखले तर चालेल, मनगट दुखता कामा नये

वाद्यांची हौस आपल्या कोकणाला नवी नाही. भजनातला पखवाज, नाचाची ढोलकी, मिरवणुकीतला बँजो हे सारे बोर्ली पंचतनच्या पंचक्रोशीत लहानपणापासून कानावर पडणारे आवाज. त्यात अलीकडे गिटारची भर पडली आहे. मोबाइलवर पाहून शिकणारी मुले-मुली वाढली आणि माझ्या दवाखान्यात एक नवी तक्रार येऊ लागली, "डॉक्टर, कॉर्ड धरली की हात दुखतो."

यावर घरोघरी दोन सल्ले मिळतात. आईवडील म्हणतात, "बंद कर ते खूळ." मित्र म्हणतात, "सहन कर, सवय होईल." माझ्या मते दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. हे दुखणे दोन प्रकारचे असते. एक थोडे सोसायचे असते, दुसरे अजिबात सोसायचे नसते. कोणते कुठले, हे ओळखता आले पाहिजे.

पहिले दुखणे बोटांच्या टोकांचे. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून सुमारे ७० किलोंचा ताण असतो. अशी बारीक, ताठ तार कोवळ्या कातडीने दाबायची म्हणजे ती रुतणारच. रोज थोडा थोडा सराव केला तर दोन ते चार आठवड्यांत तिथली कातडी जाड होते, घट्टा पडतो आणि दुखणे थांबते. सतार वाजवणाऱ्याच्या बोटाला आणि कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला पडतो तोच हा घट्टा. त्याला औषध लागत नाही. घट्टा सोलू नये. भांडी घासल्यावर किंवा आंघोळ झाल्यावर कातडी मऊ असते, तेव्हा लगेच वाजवायला बसू नये. काही मुले बोटांना झटपट चिकटणारा गोंद लावतात, तो प्रकार करू नये. फोड आला किंवा रक्त आले तर चार दिवस गिटार खुंटीला टांगावी. मधुमेह असलेल्यांनी बोटे रोज नीट पाहावीत, कारण त्यांची जखम चिघळण्याची भीती जास्त.

दुसरे दुखणे मनगटाचे, अंगठ्याच्या मुळाचे आणि कोपराखालच्या हाताचे. बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, कोपराखाली असतात. त्यांच्या दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातात आणि त्याच बोगद्यातून एक महत्त्वाची नस जाते. मनगट वाकवून जोर लावला की बोगद्यातला दाब वाढतो आणि नस चेपली जाते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन झोपमोड होते. अंगठ्याकडच्या कंडरांना सूज येते तो आजार वेगळा. द केर्व्हॅ या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली त्याचे वर्णन केले, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो.

मध्यंतरी एक विशीतला तरुण आला. दिवसभर सुपारी सोलायची, रात्री दोन-तीन तास गिटार. मंडळाचा कार्यक्रम तोंडावर आलेला, म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून ती घ्यायची आणि वाजवायला बसायचे, असा रोजचा क्रम. हातातून चहाचा कप निसटू लागला तेव्हा तो माझ्याकडे आला. मी त्याला म्हटले, "अरे बाबा, दुखणे ही घंटा आहे. तू घंटाच बंद केलीस!" तीन आठवडे कॉर्ड बंद, रात्री मनगटाला पट्टा, सुपारीच्या कामात मध्ये मध्ये विश्रांती, एवढ्यावर त्याचे भागले. पण ज्याचे पोट हातावर आहे, त्याने हा धोका पत्करू नये. शिवाय या गोळ्या रोज घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड यांनाही त्रास होतो, ते वेगळेच.

आता उपाय. आधी वाद्य तपासा. बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत दोन ते तीन मिलिमीटर अंतर असावे. पट्टी लावून मोजा. स्वस्त गिटारींत ते बहुधा जास्त असते, आणि आपल्या दमट हवेत लाकूड फुगून आणखी वाढते. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात आणि बोटांना खरखरतात. कारागिराकडून घोडी खाली करून घ्या, बारीक गेजच्या तारा लावा, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. नायलॉन तारांच्या गिटारवर ताण सुमारे ४० किलोच असतो, नवशिक्याला ती सोपी. मात्र तिच्यावर पोलादी तारा चढवू नका, घोडी उखडेल.

मग हात तपासा. मनगट शक्य तितके सरळ ठेवा. अंगठा मागे नुसता टेकवा, पकडीसारखा आवळू नका. बोट पडद्याच्या अगदी जवळ ठेवा म्हणजे कमी जोर लागतो. तार हळूहळू दाबत जा. सूर स्वच्छ निघाला की तेवढाच जोर पुरे, त्याहून जास्त जोर वाया जातो. दहा-पंधरा मिनिटे वाजवा, पाच मिनिटे थांबा. रात्री सलग दोन तास बसण्यापेक्षा दिवसातून तीनदा थोडे थोडे बसणे बरे.

एका बोटाने सहाही तारा दाबायची 'एफ' कॉर्ड पहिल्या महिन्यात धरलीच पाहिजे असा कोणाचा हुकूम नाही. तिचे तीन-चार तारांचे सोपे रूप आहे, ते वापरा. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची डाव्या हाताची दोन बोटे १९२८ सालच्या आगीत जायबंदी झाली. उरलेल्या बोटांना जमेल अशी वादनाची रीत त्याने बसवली आणि जगभर नाव मिळवले. तेव्हा कॉर्ड हातासाठी बदलता येते, कॉर्डसाठी हात मोडायची गरज नाही.

रात्री मुंग्या येणे, पकड सैल होणे, मनगटावर सूज, बोट वाकून अडकणे, किंवा विश्रांती घेऊनही दोन आठवड्यांत न थांबणारे दुखणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा. प्रौढांनी त्याच वेळी रक्तातील साखर आणि थायरॉइडही तपासून घ्यावे, कारण या दोन्ही विकारांत मनगटातली नस लवकर दबते.

आईवडिलांना माझे सांगणे इतकेच, की मुलाने हात दुखतो म्हटले तर गिटार काढून घेऊ नका आणि "चालायचेच" असेही म्हणू नका. नेमके कुठे दुखते ते बोट ठेवून दाखवायला सांगा. बोटाचे टोक दाखवले तर धीर द्या. मनगट दाखवले तर त्या दिवसापुरती गिटार बाजूला ठेवायला लावा.