खोली तीच, कागद जुना

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पनवेल मागे टाकून खोपोलीच्या दिशेने निघाले की इर्शाळगडाचे नेढे दिसू लागते आणि चौक गाव येते. येथूनच एक रस्ता कर्जतकडे फुटतो. एका अंगाला रसायनी, दुसऱ्या अंगाला खोपोली आणि मागून सरकत येणारे पनवेल, अशा तिहेरी ओढीत सापडलेल्या या गावात मूळ घराच्या मागे दोन खोल्या बांधून त्या भाड्याने देणे हा अनेक कुटुंबांचा जोडधंदा झाला आहे. निवृत्त शिक्षक, विधवा गृहिणी, शेतीचे उत्पन्न तोकडे पडू लागलेला शेतकरी यांच्या दृष्टीने ते भाडे म्हणजे महिन्याचा किराणा आणि औषधपाणी. चाळी विकून गबर झालेल्या शहरी मालकाचे चित्र येथे लागू पडत नाही. म्हणूनच या छोट्या घरमालकाच्या कर्तव्याविषयी बोलताना आवाज थोडा खाली ठेवला पाहिजे, आणि तरीही बोलले पाहिजे.

भाडेकरू प्रथम येतो त्या दिवशी सारे दक्ष असतात. अनामत मोजली जाते, आधारकार्डाची प्रत घेतली जाते, कुणी कराराचाही आग्रह धरतो. त्यानंतर मात्र तो कागद कपाटात जातो आणि माणसाचे आयुष्य पुढे चालू लागते. एकटा आलेला तरुण लग्न करून पत्नीला आणतो. कारखाना बंद पडतो. कुणी पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडून दुकान थाटतो. कुणाचा कर्ता पुरुष अपघातात जातो. खोली तीच, भाडे तेच, पण आत राहणाऱ्याची परिस्थिती पार पालटलेली असते. कपाटातल्या कागदाला त्याची वार्ता नसते.

यातला सर्वांत कठीण प्रसंग मृत्यूचा. घरमालक सज्जन असतो, विधवेला लगेच बाहेर काढीत नाही. ‘वहिनी, सवडीने द्या’ असे म्हणतो. भाडे घेतो, पण पावती मृताच्या नावाने फाडतो, किंवा संकोचाने पावतीच देत नाही. या सौजन्याने दोघांचेही नुकसान होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, त्यात ‘भाडेकरू’ या शब्दाची व्याख्याच अशी आहे की, राहत्या जागेचा भाडेकरू वारल्यास त्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय, आणि तसा कुणी नसल्यास वारस, भाडेकरू ठरतो. एकमत न झाल्यास न्यायालय निर्णय देते. म्हणजे जुनी भाडेदारी असेल, तर त्या स्त्रीचा हक्क कायद्याने उभा आहे. मालकाचे काम एवढेच की तिच्याकडून लेखी अर्ज व मृत्यूचा दाखला घेऊन पुढच्या पावत्या तिच्या नावाने द्याव्यात. परंतु आजकाल बहुतेक खोल्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे अनुमती कराराने दिल्या जातात. अशी अनुमती व्यक्तिगत असते, ती वारसाकडे जात नाही. तेथे विधवेच्या नावाने नवा करारच करावा लागतो. हा भेद शंभरातील नव्वद मालकांना ठाऊक नसतो, आणि भाडेकरूंना तर नसतोच.

त्या कागदावाचून तिचे काय अडते? शिक्षण हक्क कायद्याखाली राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी मुलाचा अर्ज भरताना भाड्याच्या घराचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार मागतात. नोटरीचा शिक्का चालत नाही. मतदार यादीतील नाव, आधारवरील पत्ता या साऱ्यांना तोच कागद उपयोगी पडतो. मालकाच्या आळसाने एका पोराची शाळा हुकू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘कागदपत्रांची कटकट’ हा शब्द तोंडात येणार नाही.

घरमालकांच्या मनात कागदाविषयी जी धास्ती आहे तिला इतिहास आहे. मुंबई राज्याचा १९४७ चा भाडे कायदा भाडेकरूच्या बाजूने इतका झुकलेला होता की त्यातून सुटण्यासाठी अनुमती कराराची वाट शोधली गेली. आणि १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अनुमतीधारकांनाच भाडेकरू ठरवून टाकले. त्या एका तारखेने किती घरांत ‘लिहून काही द्यायचे नाही’ हा दंडक बसला, त्याची गणती नाही. मात्र ती भीती आज उलटी फिरली आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी सर्वस्वी मालकाची आहे, आणि करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी चुकते, हा समज या कायद्यापुढे टिकत नाही. याउलट लेखी अनुमती करार ज्याच्या हाती आहे त्याला कलम २४ ची शीघ्र वाट मोकळी आहे. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्काने भरपाई मिळते. अर्थात हा कायदा त्याच्या अनुसूचीतील व शासनाने लागू केलेल्या क्षेत्रांपुरता आहे. अन्यत्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चालतो, आणि तेथे तर दोन्ही पक्षांचा आधार हातातला कागद हाच असतो.

खर्चाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. महिना ६,००० रुपये शुल्क, २५,००० रुपये परत करावयाची अनामत आणि ११ महिन्यांची मुदत धरली, तर अनामतीवरील दहा टक्के दराचे व्याज मिळवून एकूण रक्कम ६८ हजारांच्या आसपास जाते. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशेच्या आत. आणि ग्रामीण भागात नोंदणी शुल्क ५०० रुपये. एका महिन्याच्या भाड्याच्या आठव्या हिश्शात काम होते.

नोकरी गेली की प्रश्न वेगळा होतो. रसायनीचा हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला. असा एक निर्णय परिसरातील किती चुलींपर्यंत पोहोचतो, हे या भागाला सांगायला नको. २०२० च्या टाळेबंदीत राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी, असे घरमालकांना सुचविले होते. सवलत तोंडी दिली की पुढे ‘माफ केले होते’ आणि ‘पुढे ढकलले होते’ असा वाद उभा राहतोच. थकबाकी किती, हप्ते किती, शेवटची तारीख कोणती, एवढ्या चार ओळी दोघांच्या सहीने लिहिल्या तर शेजारधर्म आणि व्यवहार दोन्ही टिकतात. हे न करता सामान रस्त्यावर फेकणे वा वीज तोडणे हा मर्दपणा नव्हे, गुन्हा आहे. कलम १५ प्रमाणे थकबाकीसाठी ताबा मागायचा तर आधी लेखी नोटीस, मग ९० दिवसांची वाट.

शिवणयंत्राच्या दुकानाकडे वळू. घरगुती वीजजोडणीवर व्यवसाय चालला आणि तपासणीत सापडला, तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. देयक बहुधा मालकाच्या नावे असते. महावितरणकडे वापराचा प्रकार बदलून घ्यावा, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील भोगवटादाराची नोंदही एकदा पाहून घ्यावी.

राहिली पोलिसांना द्यायची माहिती. जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त भाडेकरूंची माहिती देण्याचा आदेश काढतात, तो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. मोडल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ लागते. असा आदेश असताना मूळ भाडेकरू निघून त्याचा मित्र राहू लागला, तर जुनी नोंद निरुपयोगी ठरते. संशयिताच्या शोधापुरतीच ही नोंद असते, हा समज अपुरा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. त्या रात्री वाडीत कोण होते, कोण कामाला बाहेर होते, कोणती मुले आश्रमशाळेत होती, हे जुळवताना प्रशासनाची दमछाक झाली. ती भाड्याची घरे नव्हती. पण कोणत्या छपराखाली कोण झोपते याची ताजी नोंद कशासाठी लागते, ते चौककरांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

पनवेल-कर्जत उपनगरी मार्गावरील पाच स्थानकांत चौक आहे. लोकलगाडीबरोबर भाडेकरूंचा ओघ वाढेल, आणि तो रात्रपाळीचा, फिरता असेल. स्थानिक कार्यकर्त्यांनी महिन्यातील एखादा रविवार यासाठी दिला तर काम अवघड नाही: संगणक, ठसे घेण्याचे यंत्र, दोन साक्षीदार आणि शासनाच्या संकेतस्थळावर घरबसल्या होणारी नोंदणी. राबून राबून ज्यांच्या बोटांचे ठसे पुसट झाले आहेत अशा वृद्ध मालकांना यंत्र नाकारते; त्यांच्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात समक्ष जाण्याची जुनी सोय आहे, तेथवर त्यांना नेऊन आणण्यास एक दुचाकी पुरते.