पकडीचा गुण लिहिता, मग मार का लिहीत नाही?

कबड्डीत डाव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोराचं काम सांगायला सोपं आहे. अंगावर येणाऱ्या चढाईपटूच्या घोट्यावर झेप टाकायची आणि साथीदार येईपर्यंत तो पाय सोडायचा नाही. झेप टाकताना या पोराचं डोकं समोरच्याच्या गुडघ्याच्या उंचीवर येतं. पकड जमली तर एक गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना जमली तर अव्वल पकड, म्हणजे दोन गुण. आणि गुडघा कानशिलावर बसला तर? त्यासाठी गुणपत्रिकेत रकानाच नाही.

माझा सगळा राग या नसलेल्या रकान्यावर आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. गाव दिंद्रुड, तालुका माजलगाव. आमच्या कामात रात्री दोन वाजता सर्व्हर तीन मिनिटं बंद पडला तरी सकाळी लेखी अहवाल द्यावा लागतो. कधी पडला, का पडला, कोणाच्या लक्षात आलं, पुन्हा पडू नये म्हणून काय केलं. एका यंत्राची ही बडदास्त. आणि आमच्या भागात जयंतीच्या, जत्रेच्या, ६५ किलो वजनगटाच्या स्पर्धांत मी पोरं भोवळ येऊन पडलेली पाहिली आहेत. तोंडावर पाण्याचा हबका मारतात, कोणीतरी ‘काही नाही होत, ऊठ’ म्हणतं, आणि दोन चढायांनंतर पोरगं परत कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्याला दुसरा हाफ धड आठवत नसतो. याची नोंद आयोजकांकडे नसते, संघाकडे नसते, आणि दवाखान्यात तर तो गेलेलाच नसतो.

अशी नोंद ठेवली नाही की वीस-पंचवीस वर्षांनी काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. तिकडचा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. अंडाकृती चेंडू घेऊन एकाने पळायचं आणि समोरच्यांनी धडक मारून त्याला पाडायचं. यात डेव्ह ड्युअरसन नावाचा बचावपटू होऊन गेला. जन्म १९६०चा, इंडियाना राज्यातल्या मन्सी गावचा. अर्थशास्त्राची पदवी घेतलेला. १९८३मध्ये त्याला शिकागो बेअर्सने घेतलं. त्याची जागा ‘सेफ्टी’ची, म्हणजे बचावाची शेवटची फळी. पुढचे सगळे चुकले की याने पळत येऊन आडवं पडायचं. ११ हंगाम तो हेच करत राहिला. चार वेळा लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्याची निवड झाली. सुपर बोल दोनदा जिंकला, एकदा शिकागोकडून आणि एकदा न्यूयॉर्क जायंट्सकडून. १९८७चा लीगचा ‘मॅन ऑफ द इयर’ तोच. निवृत्तीनंतर मांसपदार्थ पुरवण्याचा मोठा धंदा उभा केला, आपल्याच विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर बसला. आपल्याकडे असता तर चौकाचौकात बॅनर लागले असते.

मग सगळं उतरत गेलं. २००५मध्ये बायकोवर हात उचलल्याच्या प्रकरणात विश्वस्तपद सोडावं लागलं. लग्न मोडलं, धंदा बुडाला, दिवाळखोरी आली. डोकं दुखायचं, गोष्टी आठवायच्या नाहीत. फेब्रुवारी २०११मध्ये, वयाच्या ५०व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. जाण्याआधी लिहून ठेवलं की माझा मेंदू तपासणीसाठी द्या. बोस्टन विद्यापीठात तो तपासला गेला आणि सीटीई निघाला. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या मारामुळे मेंदू आतून झिजवत नेणारा हा आजार. त्याचं पक्कं निदान आजही माणूस गेल्यावर, मेंदू कापूनच होतं.

हळहळ वाटावी म्हणून मी हे सांगत नाही. या गोष्टीत त्याहून कडू काहीतरी आहे. निवृत्त खेळाडूंनी ‘आम्ही अपंग झालो, भरपाई द्या’ असे जे दावे केले, त्यांच्यावर निर्णय देणारं सहा जणांचं मंडळ होतं. ड्युअरसन २००६पासून त्या मंडळावर होता, आणि तोही खेळाडू संघटनेच्या बाजूने. हे मंडळ दावे फेटाळत सुटतं अशी जुन्या खेळाडूंची ओरड होती. २००७मध्ये अमेरिकी संसदेच्या सुनावणीत त्याने आपल्या वडिलांचं उदाहरण दिलं. त्यांना अल्झायमर होता आणि ते कधी व्यावसायिक खेळ खेळले नव्हते. मतलब असा, की स्मृती गेली म्हणून दोष खेळाला कसा द्यायचा? त्या वेळी त्याच्या स्वतःच्या कवटीत काय चाललं होतं, ते पुढे चार वर्षांनी कळलं.

तो लबाड होता असं मला वाटत नाही. त्याच्यापुढे येणाऱ्या अर्जात पुरावा नसायचा, एवढंच. आणि पुरावा कुठून येणार? डोक्याच्या दुखापतींसाठी लीगने १९९४मध्ये स्वतःचीच एक समिती नेमली होती. तिचा अध्यक्ष होता सांधेदुखीचा डॉक्टर. हे मी पुन्हा लिहितो, सांधेदुखीचा. या समितीने वर्षानुवर्षं शोधनिबंध लिहून सांगितलं की फार काही बिघडत नाही. शेवटी साडेचार हजारांहून जास्त माजी खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा २०१३मध्ये लीग ७६.५ कोटी डॉलरच्या तडजोडीला आली, आणि न्यायाधीशांना तीही रक्कम अपुरी पडेल असं वाटलं. पुढे ती मर्यादा काढावी लागली.

आता लगेच कोणी म्हणेल, कबड्डीची आणि त्याची तुलना कशाला? तिकडे हेल्मेट आपटतात, इकडे मॅट आहे. बरोबर आहे. कबड्डीपटूंना सीटीई होतो, असा दावा मी करत नाही. २०१७मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी त्या लीगच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यातल्या ११०मध्ये हा आजार सापडला. पण ज्यांना आधीच त्रास दिसत होता अशांच्याच घरच्यांनी बहुतेक मेंदू दिले होते, म्हणून तो आकडा सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. हे भान मला आहे. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. कबड्डीत काय होतं ते कळण्यासाठी आधी कोणीतरी लिहून तर ठेवायला हवं! नोंदच करायची नाही आणि मग ‘आपल्याकडे असं काही ऐकिवात नाही’ म्हणायचं, ही त्या सांधेदुखीवाल्या समितीचीच रीत झाली. त्यांनी निदान निबंध तरी लिहिले.

दुसरा आक्षेप पैशाचा. आता लीग आली, बचावपटूलाही कोटी मिळतात. मिळतात ना. २०१८मध्ये यू मुंबाने फझल अत्राचलीवर १ कोटी लावले, २०२३मध्ये पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख. दोघेही इराणचे, दोघेही जबरदस्त, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण लिलावाच्या यादीत बीड जिल्ह्यातली किती पोरं चढतात? बाकीची जत्रेतल्या बक्षिसावर खेळतात. ते बक्षीस सात वाटेकरी, राखीव खेळाडू आणि गाडीभाडं यांत संपतं.

आमच्या भागाला हा व्यवहार नवा नाही, म्हणून तो कोणाला खुपतही नाही. धारूर-माजलगावकडची माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मुकादम आधी उचल देतो, मग हंगामभर शरीर त्याचं. चाळिशीत कंबर गेली तर ती ज्याची त्याची. उसाच्या मोळीचं वजन काट्यावर होतं, पाठीचं कुठेच होत नाही. त्याच घरातला पोरगा कोपऱ्यात उभा राहतो, तेव्हा त्याला यात वेगळं काही दिसत नाही, आणि त्याच्या बापालाही नाही.

एके काळी मुंबईत याला एक उतारा होता. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, रेल्वे अशा संघांकडून खेळलं की नोकरी मिळायची. मॅटवरून उतरल्यावर पगार, पुढे निवृत्तीवेतन, दवाखान्याचा खर्च. तो काही खेळाडूच्या मेंदूचा विचार करून केलेला बंदोबस्त नव्हता, पण गुडघा गेलेल्या माणसाच्या घरात चूल पेटायची. आता कायम नोकऱ्या आटल्या. राहिलं सरकारी भरतीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. तिथेही आमच्या मराठवाड्यात बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाली. ज्यांनी ट्रॅम्पोलिनवर कधी उडी मारली नाही ते ट्रॅम्पोलिनचे खेळाडू म्हणून नोकरीला लागले. खोट्या उडीचा कागद तयार होतो, खऱ्या मुक्या माराचा होत नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि ‘आपल्या मातीत खेळाडूचा मान असतो’ हे कृपा करून सांगू नका. खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणलं, पोलीस खात्यात आयुष्य काढलं, १९८४मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आपला मान हा असा, हाराचा. शंकरराव (बुवा) साळवींच्या जन्मदिनी, १५ जुलैला, राज्यात कबड्डी दिन होतो. भाषणं होतात, ज्येष्ठ खेळाडूंना शाल-श्रीफळ मिळतं. त्या व्यासपीठावर बसलेल्या एखाद्या जुन्या कोपरारक्षकाला कधी विचारलंय का, की बाबा, झोप लागते का, डोकं दुखतं का, नावं आठवतात का? शाल देणाऱ्याने प्रश्नांचा एक कागदही सोबत न्यावा, उत्तरं लिहून घ्यावीत. एका वर्षात महाराष्ट्राकडे अशी माहिती जमेल जी आज कोणाकडेच नाही.

मैदानावरचं काम त्याहून सोपं आहे. डोक्याला मार बसून भोवळ आल्याचा संशय आला तर त्या दिवशी परत खेळवायचं नाही, हे जगभर मान्य झालेलं आहे. कारण पहिला धक्का निवायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं. हा निर्णय संघाच्या उस्तादावर सोडायचा नाही, त्याला सामना जिंकायचाय. पोरावरही नाही, तो ‘बरा आहे’च म्हणणार. पंचाला तो अधिकार द्या. पंचांच्या शिबिरात एक तास डॉक्टर बोलवा. ज्या स्पर्धेत पुढाऱ्याच्या फोटोसह वीस फुटी कमान उभी राहते, तिथे दोन दिवसांचा अपघात विमा परवडत नाही हे मला कोणी हिशोब मांडून दाखवावं. आणि ज्या लीगच्या ॲपवर बचावपटूच्या यशस्वी पकडींची टक्केवारी दिसते, तिने त्याच्या डोक्याला बसलेल्या धक्क्यांचे आकडेही बाहेर काढावेत. माहिती ठेवण्याची यंत्रणा नाही, हे कारण त्यांना तर सांगताच येणार नाही.

पुढच्या जयंतीच्या स्पर्धेची गुणपत्रिका माजलगावच्या कुठल्यातरी प्रेसमध्ये छापायला जाईल. तिच्यात एक पट्टी वाढवा: खेळाडूचा क्रमांक, कितवं मिनिट, मार कुठे बसला, परत खेळवला का, कोणी ठरवलं. छपाईचे पैसे तेवढेच लागतात.