नगरच्या पोरांना ड्रॉइंगचे मार्क मिळतात, पण चित्रं बघायची कुठं?

दरवर्षी राज्यात लाखो मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला 7 वाढीव गुण, बी असेल तर 5 आणि सी असेल तर 3. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शाळांमध्येही त्यासाठी स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव चालतो.

पण यातल्या किती मुलांनी आजच्या एखाद्या चित्रकाराचं मूळ काम समोर उभं राहून पाहिलंय? आजच्या कलेची प्रदर्शनं नेमानं भरवणारं विद्यापीठाचं संग्रहालय जिल्ह्यात नाही. त्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते.

विद्यापीठाचं संग्रहालय वेगळं कसं?

खासगी गॅलरीला चित्र विकायचं असतं. सरकारी संग्रहालय बहुतेक वेळा जुन्या वस्तू जपतं. विद्यापीठाच्या संग्रहालयाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. तिथं अर्धवट वाटणारं, न कळणारं, वाद घालायला लावणारं कामही लावता येतं, कारण शिकवणं हाच त्याचा हेतू असतो.

ही कल्पना जुनी आहे. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन 1683 मध्ये लोकांसाठी उघडलं. भारतात कोलकाता विद्यापीठाचं आशुतोष संग्रहालय 1937 चं. महाराष्ट्रात 1857 ला सुरू झालेल्या जेजे स्कूल ऑफ आर्टला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जेजेचं वार्षिक प्रदर्शन म्हणजे विद्यार्थ्यांचं ताजं काम थेट बघायची संधी. अडचण इतकीच, की ते मुंबईत आहे.

नगरची चित्रं गेली कुठं?

नगरला चित्रकलेची परंपरा नाही असं कुणी म्हणत असेल, तर ते चूक आहे. दख्खनी चित्रशैलीचे सुरुवातीचे नमुने निजामशाहीच्या नगरमधले आहेत. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही सचित्र पोथी. हुसेन निजामशहाचं आणि 1565 च्या तालिकोटच्या लढाईचं वर्णन करणारं हे फारसी काव्य. ही पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही चित्रं काढली तेव्हा तालिकोटची लढाई नुकतीच झाली होती. म्हणजे ती त्या काळाची 'समकालीन कला' होती. त्यात हुसेनशहाशेजारी राणी खुंजा हुमायूनही होती. पुढं बहुतेक चित्रांमधून तिची आकृती पुसून टाकली गेली. हुसेनशहानंतर कारभार तिच्या हातात होता आणि 1569 मध्ये मुलगा मुर्तझानं तिला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकलं. चित्रातून ती त्यानंतरच गेली असावी, असं अभ्यासक मानतात.

मग विद्यापीठं कचरतात का?

चित्रावर राग निघणं तेव्हाच थांबलं नाही. मे 2007 मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात परीक्षेसाठी मांडलेल्या कामावरून धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार झाली आणि एका विद्यार्थ्याला अटक झाली. त्याच्या बाजूनं उभे राहिलेले प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले.

देशातल्या नावाजलेल्या कलाविभागात हे घडलं. त्यातून बाकीच्यांनी काय धडा घ्यायचा? प्रदर्शन न भरवणं हा सगळ्यात सोपा मार्ग. पण वादाच्या वेळी विद्यार्थ्याच्या पाठीशी कोण उभं राहील, काम निवडायचा अधिकार कुणाचा, तक्रार आली तर आधी चर्चा कुठं होईल, हे लिखित ठरवता येतं. विद्यापीठ हे करू शकतं. एकट्या चित्रकाराला ते जमत नाही.

शेतीच्या विद्यापीठात चित्रं कशाला?

जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, तर लोणीला वैद्यकीय शिक्षणाचं अभिमत विद्यापीठ. तिथं कलेचं काय काम, असा प्रश्न पडू शकतो.

चंद्रपूरचे प्रभाकर पाचपुते यांचं उदाहरण घ्या. कोळशाच्या खाणी, उजाड जमीन, शेतकऱ्यांची आंदोलनं हे त्यांच्या चित्रांचे विषय. 2021 मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार सहा कलाकारांना मिळून देण्यात आला, त्यात ते होते. विदर्भातल्या खाणी आणि इथला शेतकरी कार्डिफच्या लोकांनी पाहिला. 1 जून 2017 ला शेतकऱ्यांचा संप जिथून सुरू झाला ते पुणतांबा मात्र याच जिल्ह्यातलं. अशी चित्रं राहुरीत लागली, तर समजावून सांगायची गरज कार्डिफपेक्षा कमीच पडेल.

करता काय येईल?

नवी इमारत हवीच असं नाही. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची वास्तू 1872 पासून लोकांसाठी खुली आहे. दुरुस्तीनंतर 2008 मध्ये ते पुन्हा उघडलं आणि आजच्या कलाकारांना बोलावून जुन्या संग्रहाशी बोलणारी कामं तिथं मांडली जाऊ लागली.

नगरकडे 1960 पासूनचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. रणगाड्यांचं संग्रहालय तर देशभरातले पर्यटक बघून जातात. शहरात प्रमोद कांबळे यांच्यासारखे नाव कमावलेले कलाकार आहेत. विद्यापीठानं एक खोली, एक जाणकार निवडकर्ता आणि शाळांच्या सहलींसाठी ठरलेले वार एवढं दिलं, तरी सुरुवात होऊ शकते.

त्या सहलीतल्या मुलांना वाढीव मार्क मिळणार नाहीत. पण चित्र परीक्षेच्या कागदाबाहेरही असतं, आणि ते आपल्या गावाबद्दल असू शकतं, हे त्यांना पहिल्यांदा दिसेल.